नाव एक, पत्ते अनेक

आपल्या बमरोलीत दोन पत्ते नाहीत असे मराठी घर विरळाच. एक पत्ता येथील मागांच्या वस्तीतला, दुसरा धुळे, जळगाव वा नंदुरबारकडील गावाचा. पत्ता बदलला म्हणून माणूस बदलत नाही, हे आपणांस सांगावे लागत नाही. यंत्रांना मात्र ते शिकवावे लागले.

एकाच संगणकास दोन-तीन नेटवर्क जोडली, की प्रत्येक नेटवर्कावर त्यास निराळा पत्ता मिळतो. असा संगणक जर इतरांची ओळख पडताळणारा सर्व्हर असेल, तर घोटाळा होऊ शकतो. विचारणा एका पत्त्यावर येते, उत्तर दुसऱ्या पत्त्यावरून जाते; आणि विचारणारे यंत्र 'याला आपण विचारलेच नव्हते' असे ठरवून ते खरे उत्तर टाकून देते. पासवर्ड बरोबर, सर्व्हर चालू, तरी दार बंद! म्हणून ज्या पत्त्यावर विचारणा आली त्याच पत्त्यावरून उत्तर जावे, सर्व पत्त्यांस एकच नाव असावे आणि गुप्त किल्ली त्या नावाशीच जोडलेली असावी, अशी मांडणी करावी लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८३ साली 'अथीना' प्रकल्प सुरू झाला. त्यातून 'कर्बेरोस' ही पडताळणीची पद्धत जन्मास आली. तिच्या चौथ्या आवृत्तीत प्रवेशाच्या तिकिटावर यंत्राचा एकच पत्ता लिहिला जाई; अनेक पत्त्यांच्या यंत्राची त्यामुळे अडचण होई. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीत तिकिटावर अनेक पत्ते लिहिण्याची, किंवा एकही न लिहिण्याची, मुभा मिळाली.

कोणी म्हणेल, पत्ता काढून टाकल्यास चोराचे फावेल. या शंकेत तथ्य नाही असे नव्हे. चोरलेले तिकीट अन्य ठिकाणाहून वापरणे पत्त्यामुळे थोडे कठीण होते. परंतु पत्त्याची बतावणी करता येते. खरे रक्षण करते ती गुप्त किल्ली आणि तिकिटाची अल्प मुदत.

हा प्रश्न केवळ संगणकशाळेतला नव्हे. पूर्वी शिधापत्रिका गावातील दुकानाशी बांधलेली असे. पोटासाठी सुरतेस आलेल्या माणसाचे धान्य गावीच राही. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एक राष्ट्र, एक शिधापत्रिका' योजनेखाली आंतरराज्य सोय ज्या राज्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र व गुजरात ही जोडी होती. धान्याचा हक्क दुकानाच्या पत्त्यापासून सुटला आणि माणसाच्या ओळखीशी जोडला गेला. तेथेही पडताळणी अडली, तर कुणाची तरी चूल अडते.

विद्यार्थी मित्रहो, उद्या आपल्यापैकीच कोणी असे सर्व्हर मांडतील, असे नियम लिहितील. त्यांनी इतके ध्यानी ठेवावे : कोठे भेटावे एवढेच पत्ता सांगतो, कोण भेटले, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ज्याची ओळख खरी आहे, त्यास केवळ पत्ते दोन आहेत म्हणून दारातून परत पाठवणे हा अन्याय होय. मग दारी यंत्र असो वा माणूस.