काटा गळ्याखाली उतरल्यावर

कोकणातील तारली असो वा बंगालमधील हिल्सा, मासा जितका रुचकर तितकेच त्यातील बारीक काटे फसवे. जेवताना काटा घशात टोचला की घरातील वडीलधारी माणसे कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळावयास सांगतात. टोचणे थांबले म्हणजे संकट टळले, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु रुतलेला काटा अशा दडपणाने अधिक खोल जाण्याचा संभव असतो. आणि तो खाली उतरला, तरी त्याचा प्रवास तेथेच संपत नाही.

सुदैवाने गिळले गेलेले बहुतेक काटे काही दिवसांत शौचावाटे निघून जातात. आतड्यास छिद्र पडण्याचे प्रमाण फार अल्प आहे. मात्र लहान आतड्याच्या शेवटी किंवा मोठ्या आतड्याच्या खालच्या वळणावर एखादा लांब, अणकुचीदार काटा अडतो आणि आतड्याची भित्ती हळूहळू भेदतो. त्या छिद्रातून जंतू उदरपोकळीत शिरले, तर जिवावर बेतते. कोंबडीच्या हाडाची कपचीही असाच अपाय करू शकते.

खरी अडचण अशी की, दुखणे कधी कित्येक दिवसांनी सुरू होते. तोपर्यंत काट्याची आठवणही उरत नाही. पोटाच्या उजव्या बाजूस खाली दुखले, तर आंत्रपुच्छाचा दाह असावा असे वाटते. साध्या क्ष-किरण चित्रात माशाचा काटा पुष्कळदा दिसत नाही; सी.टी. स्कॅनमध्ये तो सापडू शकतो. म्हणून अलीकडे मासे खाल्ले होते, काटा गिळला गेला असावा, एवढे रुग्णाने आपण होऊन सांगितले, तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

एकाच जागी वाढत जाणारी पोटदुखी, ताप, वांत्या, पोट ताठर होणे, काळा अथवा रक्तमिश्रित मळ, यांपैकी काहीही आढळल्यास घरी जुलाब वा ओकारीचे औषध न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. लाळही गिळता येत नसेल, तर क्षणाचाही विलंब करू नये. नुसती टोचणी राहिली, तरी त्याच दिवशी घसा तपासून घ्यावा.

कवळीने टाळू झाकलेल्या वृद्धांना काट्याचा स्पर्श सहज कळत नाही, आणि मुलांना खाण्याची घाई असते. या दोघांच्या ताटात मासा वाढताना पुरेशा उजेडात काटे काढून द्यावेत. त्यांनाही सावकाश, नीट चावून जेवण्याची सवय लावावी. वाढणाऱ्याची ही थोडीशी दक्षता पुढील शस्त्रक्रिया टाळू शकते.