गोठ्यातला ओंडका



रब्बीची पाहणी करायला गावोगाव फिरणे होते. पीक बघून झाले की चहासाठी घरी जावे लागते आणि गोठ्यावरून जाताना एक गोष्ट हमखास दिसते. कोपऱ्यात किंवा आढ्यावर लाकूड ठेवलेले असते. कुठे बांधावरच्या सागाचा ओंडका, कुठे बाभळीची दोन खोडे, कुठे मोडीत काढलेल्या बैलगाडीची साटी. विचारावे, की मालक खुलतो. "हा होय साहेब? ह्याचा झोपाळा करायचाय." कोणाला देवघर करायचे असते, कोणाला नातवासाठी पाळणा. "कधी?" असे विचारले की उत्तर मात्र ठरलेले. "यंदा बोअर मारलं. पुढच्या साली धाकटीचं लग्न उरकलं की बघू."

एका घरी हे उत्तर मी बारा वर्षे ऐकले. झोपाळ्याची हौस मालकाच्या आईची. पितळी कड्या तिने माहेराहून आणलेल्या, घासूनपुसून खुंटीला टांगलेल्या. साग घरचाच, सासऱ्यांनी बांधावर लावलेला. तो पाडला आणि पत्र्याच्या छपरीत थेट मातीवर टाकला. गेल्या उन्हाळ्यात एकदाचा बाहेर ओढला, तर खालची बाजू वाळवीने खाल्लेली, वरचा पांढरा भाग हाताने चुरावा असा पिठूळ झालेला आणि मधला चांगला गाभा टोकापासून चिरत गेलेला. सुताराने उलटापालटा करून पाहिले आणि त्यातून दोन पाट अन् एक पोळपाट काढून दिले. म्हातारी त्या पाटावर बसून जेवते, तक्रार करीत नाही. कड्या अजून खुंटीलाच आहेत.

"साग तर सोन्यासारखा, त्याला काय होतंय!" हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. तो अर्धाच खरा. टिकतो तो सागाचा आतला, तपकिरी गाभा. सालीखालच्या पांढऱ्या भागात पिष्टमय अन्न असते, आणि भुंगेऱ्याला तेच हवे असते. बारीक भोके पडून खाली मैद्यासारखी भुकटी सांडलेली दिसली, की कीड लागली असे समजावे. झाड जितके कोवळे तितका हा पांढरा भाग जास्त. म्हणून पंधरा वर्षांच्या सागाकडून आजोबांच्या काळच्या तुळईची अपेक्षा करू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. अख्खा ओंडका पडून राहिला की बाहेरून आधी वाळतो, आत ओल राहते आणि तो तडकतो. म्हणून वस्तू कधीही करा, पण फळ्या पाडून घेण्याचे काम पुढे ढकलू नका. झाड थंडीत पाडावे, म्हणजे याच दिवसांत. साग, आंबा, फणस अशी झाडे मालकीच्या रानात असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. अर्ज आधी करावा, कुऱ्हाड नंतर. बुंधा आणि शेंडा या दोन्ही टोकांना शेण-मातीचा जाड लेप द्यावा, म्हणजे टोके एकदम वाळून चिरत नाहीत. करवत गिरणीतून फळ्या आणल्यावर सावलीत, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच विटांवर रचाव्यात. प्रत्येक दोन थरांत इंचभर जाडीच्या पट्ट्या एकावर एक येतील अशा घालाव्यात, आणि सर्वांत वर जड दगड ठेवावेत. वारा खेळला पाहिजे, ऊन लागता कामा नये. आपल्या कोरड्या हवेत इंचभर जाडीची फळी, पावसाळा सोडून, चार-सहा महिन्यांत कामाजोगी होते. कोकणात जास्त वेळ धरावा.

अवसेच्या सुमारास तोडलेल्या बांबूला टोका लागत नाही, असे जुने लोक सांगतात. तिथी पाळायची तर पाळा, माझी हरकत नाही. मात्र तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायला विसरू नका. किडीचे अन्न त्या पाण्यात उतरून जाते.

लाकडाइतकीच माणसाचीही घाई आहे. ज्या सुताराच्या हातून तुमच्या वडिलांची तिफण आणि गाडी उतरली, तो आज सत्तरीला आलेला असतो. ट्रॅक्टर आले, बैल गेले, औताचे काम संपले. त्याची मुले शहरात प्लायवूडच्या कपाटांच्या कामाला गेली. खिळा न मारता कुसवाचा सांधा बसवणे, वाकसाने तासून गोलाई आणणे, हे त्या म्हाताऱ्याच्या हातात आहे. त्याला घरी बोलवा, लाकूड दाखवा, चहा पाजा. मृगाच्या तोंडावर नको. आता माघ-फाल्गुनात त्याला सवड असते आणि तुम्हालाही. त्याच्याजवळ आपल्या मुलाला किंवा मुलीलाही बसवावे. रंधा धरायला मुलींना काय झाले? आणि गावात कोणी कष्टाळू तरुण सुतार असेल तर त्याला पी. एम. विश्वकर्मा योजना सांगा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 1 लाख रुपयांपर्यंत 5 टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची तरतूद आहे.

ज्यांच्याकडे ओंडका नाही त्यांनी निराश होऊ नये. जुने घर पाडून स्लॅबचे बांधताना खांब, तुळया, चौकटी आपण भंगारवाल्याला उक्त्या दरात देऊन टाकतो. पन्नास-साठ वर्षे वाळलेले ते लाकूड आज नवे विकत घेऊन पाहा! खिळे तेवढे काळजीपूर्वक उपसून काढावेत, नाहीतर करवतीचे दात जातात. घरचे हे लाकूड विकून हप्त्यावर भुश्याच्या फळीचा पलंग आणणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्याच पावसाळ्यात पाणी लागून त्याचे पाय फुगले.

आता सुरुवात कशी करावी? एकदम झोपाळ्याला हात घालू नये. आधी घडवंची करा. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, फूटभर उंच. तीन इंच चौरस पाय, आणि पोत्यांचे ओझे म्हणून मध्येही दोन पाय, असे सहा. वर फळ्या ठोकताना बोटभर फट सोडावी. भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवली की धान्याला जमिनीची आणि भिंतीची ओल लागत नाही, खालून झाडताही येते. घरातल्या वहिनींना ही वस्तू फार उपयोगी पडते, आणि एकदा ती झाली की "राहिलेल्या फळ्यांचं काय करताय?" असा तगादा त्याच लावतात. त्या तगाद्याने पूर्ण झालेला एक झोपाळा या दिवाळीत मी स्वतः बसून पाहिला.

वस्तू तयार झाली की उकळलेले जवसाचे तेल फडक्याने दोन-तीन हात लावावे, प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. त्या तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कडब्याजवळ टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

पुढील अंकी उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीविषयी लिहीन.