लस एक, कोंबड्या अनेक

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीने दगा दिला की अनेक शेतमजुरांच्या घरचा मीठमिरचीचा खर्च परसातील कोंबड्यांवर भागतो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ आली की ही पुंजी आठवड्याभरात नाहीशी होते. त्यावर लस आहे. तथापि लस दिली म्हणजे सर्व कोंबड्या सारख्याच सुरक्षित झाल्या, हा समज शास्त्राला धरून नाही. कोंबडीच्या १६ व्या गुणसूत्रावरील ‘बी’ जनुकसमूह वंशागणिक निराळा असतो. कोंबड्यांना पांगळे करणाऱ्या मारेक रोगापुढे ‘बी-२१’ प्रकारचे पक्षी अधिक टिकाव धरतात आणि त्या रोगाच्या लसीचा गुणही या समूहानुसार कमीअधिक येतो. राणीखेतच्या लसीनंतर रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडेही सर्व जातींत सारखी नसतात.

असे असता, अनुदानावर सुधारित पिल्ले वाटताना केवळ अंड्यांची संख्या व वजन पाहणे हा हिशेब अपुरा आहे. पशुसंवर्धन खात्याने पुसद, घाटंजी, झरी जामणी या तालुक्यांतील गावरान आणि वनराज, गिरिराज कोंबड्यांना एकच लस देऊन प्रतिपिंडे मोजावीत व त्यानंतरच वाटपाची जात ठरवावी. या चाचणीस खर्च थोडा येईल. साथीत मेलेल्या कोंबड्यांचा तोटा मात्र त्या मजुरालाच सोसावा लागतो.