विश्लेषण : देशी चिप तयार, पण तिच्यावर चालणार काय?

आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर विकसित केले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला. चर्चा होते ती चिपची. तिला लागणाऱ्या हजारो सॉफ्टवेअर पॅकेजांची नाही. खरी कसोटी मात्र तिथेच आहे.

जुने सॉफ्टवेअर नव्या चिपवर का चालत नाही?

प्रत्येक प्रोसेसर-कुळाची यंत्रभाषा वेगळी. विंडोजच्या बहुतांश लॅपटॉपमध्ये एक्स८६, मोबाइलमध्ये एआरएम, तर शक्ती आणि वेगामध्ये रिस्क-फाइव्ह. मूळ कोड एकच असला, तरी प्रत्येक यंत्रभाषेसाठी तो नव्याने कंपाइल करावा लागतो.

क्रॉस-कंपायलिंग म्हणजे काय?

एका प्रकारच्या प्रोसेसरवर बसून दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम तयार करणे. अनेक मोबाइल ॲपमधील सी++ भाषेतले भाग असेच एक्स८६ संगणकावर एआरएमसाठी तयार होतात. नव्या चिपला तर सुरुवातीला दुसरा मार्गच नसतो. तिच्यावर चालणारा पहिला कंपायलरही दुसरीकडेच तयार करावा लागतो.

मग अडते कुठे?

तयार होताना अनेक पॅकेजे छोटा चाचणी-प्रोग्राम चालवून यंत्राची माहिती घेतात. तो परक्या चिपसाठीचा असला, की तिथे चालत नाही. काही पॅकेजे थांबतात. काही हाताशी असलेल्या संगणकाचीच माहिती नव्या चिपच्या माथी मारतात. त्यात एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून. त्यामुळे एक अडले की मागची रांग अडते आणि दुरुस्ती माणसालाच करावी लागते.

ही जबाबदारी कोणाची?

‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीत रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान जुलै २०२३ मध्ये मिळाले आणि त्यासह पहिली स्थिर आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. त्यामागे स्वयंसेवकांची अनेक वर्षांची मेहनत आहे. ‘सगळे मुक्त स्रोत आहे, आपोआप होईल’ असे म्हणणे म्हणजे त्यांच्या श्रमांवर विसंबून राहणे. चिपसाठीच्या निधीतील ठरावीक वाटा पॅकेज-दुरुस्तीसाठी राखून ठेवायला हवा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पांकडे पाठवणेही तितकेच गरजेचे. नाहीतर प्रत्येक नव्या आवृत्तीला तेच काम पुन्हा करावे लागेल. पॅकेजांविना चिपची स्वयंपूर्णता प्रदर्शनापुरतीच उरेल.