फॉरमॅट मारण्याआधी

पीएल सुरू झाली की आमच्या होस्टेलात दोन गोष्टींना भाव येतो. एक झेरॉक्स नोट्स, दुसरा विंडोजचा पेनड्राइव्ह. "लॅपटॉप स्लो झालाय रे, फॉरमॅट मारून दे" अशी हाक आली की कुणी सिनियर तो पेनड्राइव्ह घेऊन येतो. अर्ध्या तासात विंडोज बसतं, मग अँटिव्हायरस बंद करून एक ॲक्टिव्हेटर चालवला जातो आणि कोपऱ्यातली 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही अक्षरं गायब होतात. काम फत्ते! मोबदला, एक वडापाव.

मीही दोन वर्षं याच पेनड्राइव्हवर काढली. गेल्या सेममध्ये मात्र शेजारच्या रूममधल्या मित्राच्या सगळ्या फायली एका रात्रीत उघडेनाशा झाल्या. रिपोर्टचा जुना ड्राफ्ट त्याने सरांना मेल केला होता म्हणून सबमिशन तरी झालं. कोड गेला तो गेलाच. त्या ॲक्टिव्हेटरनेच घात केला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अँटिव्हायरस त्याच्यासाठी बंद केला होता, आणि नंतर चालू करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बंद करणारा मीच होतो.

खरी गंमत पुढेच आहे. त्याचा लॅपटॉप पुन्हा करायला बसलो, या वेळी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेला मूळ सेटअप घेऊन. तर त्याने चावी विचारलीच नाही! होम एडिशन गुपचूप बसलं आणि नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेटही झालं. कारण साधं आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून विंडोजसकट विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची चावी मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. डिस्क कितीही वेळा पुसा, ती जात नाही. आपण हट्टाने 'प्रो' टाकतो, ही चावी प्रोला लागत नाही, आणि मग आपण क्रॅक शोधत फिरतो. मित्राच्या वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून लॅपटॉप घेतला होता. विंडोजचे पैसे त्या बिलातच होते. ज्याचे हप्ते अजून चालू आहेत तीच वस्तू आम्ही चोरून वापरत होतो.

आता स्टुडंट लायसन्सविषयी. सवलत म्हटलं की आपण अटी वाचत नाही, आणि हा प्रकार जुना आहे. विंडोज ७ आलं २२ ऑक्टोबर २००९ ला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना ते २९.९९ डॉलरला मिळे, ब्रिटनमध्ये ३० पौंडांना. एरवी होम प्रीमियमची पूर्ण किंमत १९९.९९ डॉलर. पोरं खूश. पण ते अपग्रेड लायसन्स होतं. रिकाम्या डिस्कवर टाकलं की बसायचं, पण ॲक्टिव्हेट व्हायचं नाही. मग शक्कल निघाली: चावी न देता एकदा बसवायचं आणि त्याच्याच आतून पुन्हा एकदा बसवायचं. चालायचं! कंपनीचं म्हणणं असं की तांत्रिकदृष्ट्या जमतं म्हणजे लायसन्सने परवानगी दिली असं नाही, आधीच्या विंडोजचं लायसन्स हवंच.

मला विचाराल तर ही अट रास्त होती, तिची अंमलबजावणी नव्हती. ज्याच्याकडे एक्सपी किंवा व्हिस्टाचं खरं लायसन्स होतं त्याने डिस्क पुसून नवं टाकलं तर त्यात चोरी कसली? त्याला दोनदा इन्स्टॉल करायला लावणं हा निव्वळ छळ. पण ज्याच्याकडे आधीचं काहीच नव्हतं, त्याने सवलतीच्या नावाखाली पूर्ण लायसन्स लाटलं. मशीनला हा फरक कळत नव्हता. आपल्याला कळतो.

आज एवढी कसरत लागत नाही. आधी फर्मवेअरच्या चावीने होम बसू द्या, मग सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर विभागाकडून मिळणारी एज्युकेशनची चावी टाका, एडिशन बदलतं. चावी शिकण्यापुरती आहे बरं का, सुट्टीत गावच्या सायबर कॅफेवाल्या काकांना वाटायला नाही. (हे घडलेलं आहे.)

माझी तक्रार आहे ती इथेच. अशी चावी मिळते हे आमच्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. नोटीस होती, विभागाच्या काचेच्या फळ्यावर, इंग्रजीत, बारीक टायपात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ११ टाकून घेणाऱ्यांची रांग लागली आहे आणि ती रांग त्याच जुन्या पेनड्राइव्हपुढे आहे. सरांना विनंती, ती नोटीस मराठीत करून मेसच्या मेनूशेजारी लावा. तिथे सगळे वाचतात.

तोवर शनिवारी जेवणानंतर मी टीव्ही रूममध्ये मूळ सेटअप घेऊन बसतोय. येताना डेटाचा बॅकअप घेऊन या, बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून आणा, आणि वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा, नाहीतर नव्या विंडोजला नेटच दिसणार नाही. वडापावचा दर तोच.