शिल्ड नको, पेन द्या!

फर्स्ट इयरला वर्कशॉपचे जॉब आपण सगळ्यांनीच केले. घासून घासून हाताला फोड आले, जर्नलवर सही मिळाली, मार्क पडले आणि जॉब गेला भंगारात. माप अर्धा मिलिमीटर चुकलं तरी कुणाचं काही अडलं नाही, कारण तो जॉब कुणाला हवाच नव्हता! वर्कशॉपचा कंटाळा येतो तो यामुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदा सुतारकामाचे मामा रिटायर झाले. वर्गणी काढून शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह द्यायचं ठरलं. ज्यांनी जन्मभर लेथ चालवला त्यांना काच? मग आम्ही तिघांनी त्यांच्यासाठी लाकडी पेन कातायचं ठरवलं. लाकूड घेतलं ते होस्टेलमागे पडलेल्या, डेड स्टॉकमधून कमी केलेल्या सागवानी खाटेच्या पायाचं. रेक्टर सरांना विचारूनच, बरं का!

पेन म्हणजे वाटतं तेवढं सोपं नाही. दोन-दोन इंचांचे दोन तुकडे, त्यांत आरपार ७ मिलिमीटरचं भोक, आत एपॉक्सीने चिकटवलेली पितळी नळी. ड्रिल घाईने दाबलं की भोक तिरकं जातं, नाहीतर लाकूड चिरतं. आमचे पहिले तीन तुकडे असेच गेले. मग मँड्रेलवर चढवून कातायचं. टोकाशी नळीवर लाकडाचा थर एक मिलिमीटरपेक्षाही कमी उरतो. इथे जरा चुकलं, की धातू आणि लाकडाच्या सांध्याला बोटाला पायरी लागते. शेवटी १५० पासून ४०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर आणि वर चपड्याचं पॉलिश. रेखीव गोष्टीला आपण 'कातीव' का म्हणतो, ते त्या दिवशी कळलं.

कुणी म्हणेल, नळी, क्लिप, रिफिल तर विकतचीच! कबूल. पण सांधा आमचा आहे, आणि पेन चांगलं की वाईट ते सांध्यावरच ठरतं. कुणी म्हणेल, वेळ कुणाला आहे? गॅदरिंगला पाहुणे येतात पाच-सहा. शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं मिळालं तर महिन्याभरात तेवढी पेनं सहज होतील. डोळ्यांना गॉगल, बाह्या वर आणि लेथजवळ ओढणी नको, एवढी शिस्त मात्र हवीच.

मामांनी पेन हातात घेतलं, तेव्हा आधी लिहून पाहिलं नाही. सांध्यावरून नख फिरवलं. आम्ही तिघे श्वास रोखून उभे! वायवाला एवढी भीती वाटली नव्हती. "बसलंय रे," म्हणाले आणि पेन खिशाला लावलं.

मार्कांसाठी केलेल्या जॉबला आम्ही असं कधी जपलं नव्हतं. तेव्हा प्राचार्य सरांना आणि गॅदरिंग कमिटीला विनंती, यंदा शिल्डची ऑर्डर देऊ नका. ते काम आम्हाला द्या.