शस्त्र, भूल आणि रोगाचें बीज

शस्त्र लागलें कीं कर्करोग पसरतो, ही समजूत आमच्या घरोघरीं कित्येक पिढ्या नांदत आली आहे. तिच्या पायीं किती गृहिणींनीं स्तनांतील गांठ पदराआड लपविली आणि ती हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरांस दाखविली, याची गणती कोण करणार? ही समजूत घातक खरी; परंतु तींत सत्याचा एक लहानसा अंश आहे, आणि तो कोणता हें कळल्यावांचून उरलेल्या भीतीचें निरसन व्हावयाचें नाहीं.

अर्बुदाचा कांहीं शेष मागें राहिल्यास तें पुनः उद्भवतें, हें सुश्रुतसंहितेंत सांगितलेंच आहे. पाश्चात्य शस्त्रवैद्यांचेंही लक्ष दीर्घकाळ या शेषावरच खिळलें होतें. अमेरिकेंतील हॉल्स्टेड यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची पद्धति रूढ केली, ती याच विचारानें. परंतु १८८९ सालीं इंग्लंडांतील स्टीफन पॅजेट यांनीं स्तनाच्या कर्करोगानें दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळून दाखविलें कीं, रोग सर्व अवयवांत सारखाच रुजत नाहीं. बीजाइतकेंच क्षेत्रही पाहिलें पाहिजे. आमच्या शेतकऱ्यास हें निराळें शिकवावयास नको!

शस्त्रक्रियेच्या वेळीं या क्षेत्राची स्थिति काय होते? शरीराच्या दृष्टीनें शस्त्रवैद्याचा घाव हाही घावच. ॲड्रिनलिन व कॉर्टिसोल हे स्राव वाढतात. दुष्ट पेशींना टिपून मारणाऱ्या रक्तांतील रक्षक पेशी कांहीं दिवस मंदावतात. आणि जखम भरून आणणारा दाहच उरल्यासुरल्या बीजास पोषक होऊं शकतो. त्यांतच गांठ हाताळतांना कांहीं पेशी रक्तांत निसटतात. त्यांतील बहुतेक नष्ट होतात, ही ईश्वराची कृपा. १८४६ सालीं बॉस्टन येथें ईथरची भूल जाहीरपणें देण्यांत आली तेव्हांपासून रोग्यास वेदना कळेनाशी झाली. पण मन निजलें तरी शरीर जागेंच असतें.

यावरून भूलतज्ज्ञांनीं अनुमान बांधलें कीं, पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतूच बधिर केले आणि वायुरूप भूल व अफूजन्य औषधें कमी केलीं, तर शरीराचा क्षोभ घटेल व रोग उलटणार नाहीं. २००६ सालच्या एका लहानशा पाहणीनें या आशेस दुजोराही दिला. पुढें आठ देशांतील २,१३२ स्त्रियांवर हें कसोशीनें तपासलें गेलें. त्याचा निकाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला: दोन्ही प्रकारांत रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा १० च! धूम्रावरून अग्नीचें अनुमान करण्यापूर्वीं व्याप्ति सिद्ध व्हावी लागते, हा नैयायिकांचा दंडक येथेंही सुटत नाहीं.

म्हणूनच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांचें कार्य आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. दांत काढण्यापूर्वीं हिरडी बधिर करावयास वापरतात तें लिडोकेन त्यांनीं स्तनांतील गांठीच्या सभोंवार टोंचलें, आणि सात ते दहा मिनिटांनीं गांठ काढली. भारतांतील ११ केंद्रांत सुमारें १,६०० स्त्रियांवर हा प्रयोग झाला. त्यांपैकीं निम्म्यांस हें औषध दिलें नव्हतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें पांच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचें प्रमाण औषध टोंचलेल्यांत शेंकडा ९०.१, तर इतरांत ८६.४ आढळलें. औषध जुनें, स्वस्त, सर्वत्र मिळणारें. मात्र ज्यांना औषध दिलें नाहीं त्यांना नुसत्या क्षारजलाचीही सुई दिली नव्हती, तेव्हां गुण सर्वस्वीं औषधाचाच कीं कसें, ही शंका कांहीं तज्ज्ञांनीं काढली आहे, आणि ती रास्त आहे.

लहान छिद्रांतून केलेली शस्त्रक्रिया सौम्य, म्हणून चांगलीच, असेंही समजूं नये. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत ती उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीची ठरली. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६३१ स्त्रियांच्या परीक्षणांत, साडेचार वर्षांनीं रोगमुक्त असणाऱ्यांचें प्रमाण छिद्रपद्धतींत शेंकडा ८६ आणि उघड्या पद्धतींत ९६.५ भरलें. व्रण लहान राहिला, पण रोग अधिक उलटला.

तेव्हां ज्या घरीं शस्त्रक्रिया ठरली असेल, त्यांनीं ती लांबणीवर टाकूं नये. गांठ तशीच ठेवण्यांतील धोका या सर्व धोक्यांहून कितीतरी मोठा आहे. शस्त्रवैद्यांस दोन गोष्टी मात्र निःसंकोच विचाराव्या: या रोगास छिद्रपद्धति योग्य कीं उघडी, आणि गांठ स्तनांत असल्यास लिडोकेन टोंचणार काय. मुंबईचा प्रयोग आधीं केमोथेरपी न घेतलेल्या स्त्रियांवर झाला होता, हें ती चौकशी करतांना ध्यानांत असूं द्यावें.